विषय: बाईंची स्मरणिका, छापायला देण्याआधी

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
आमच्या आजीचं प्रथम वर्षश्राद्ध मार्गशीर्षात ठाण्याला आहे. ती प्राथमिक शिक्षिका होती, नोकरीची सुरुवात वाडा तालुक्यात आणि शेवटची वर्षं ठाणे शहरात. त्या दिवशी वाटायला छोटी स्मरणिका करतोय. नातेवाइकांचे आणि विद्यार्थ्यांचे मजकूर आलेत, पण नावं झाकली तर एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात: प्रेमळ, शिस्तप्रिय, श्रद्धाळू. छपाई ठाण्यातच करणार. जाणकारांनी सांगावं.

---

प्रेषक: नौपाडा, ठाणे

ताई, नमस्कार.
"बाईंबद्दल दोन शब्द लिहा" असं सांगितलं की माणसं शोकसभेच्या भाषेत शिरतात. ते मजकूर परत पाठवू नका, लोक दुखावतात. फक्त प्रत्येकाला फोन करून बारीकसारीक विचारा. पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहायच्या? पाढे ओळीने म्हणून घ्यायच्या की मधूनच कुणाला तरी उठवायच्या? पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, घ्यायच्या का? डबा नसलेल्या मुलाचं काय करायच्या? चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारून सोडून द्यायच्या की शेजारी बरोबर शब्द लिहायच्या? माया दिसते ती अशाच उत्तरांतून. "बाई फार प्रेमळ" असं दहा जणांनी लिहिण्यापेक्षा बाई कुणाची फी गुपचूप भरायच्या हे एकाने सांगितलेलं बरं. मात्र अशी गोष्ट छापताना त्या मुलाचं नाव घालू नका. तो आज साठीचा असेल, त्याला ते रुचेलच असं नाही.

व्हॉइस नोट मागवा. सत्तरीपुढच्यांना टाइप करणं जड जातं, बोलताना मात्र तपशील आपसूक येतो. तीन मिनिटांच्या बोलण्याचे साधारण साडेतीनशे शब्द होतात आणि त्यातले दीडशे कामाचे निघतात. उतरवताना बोली तशीच ठेवा. वाड्याकडचे विद्यार्थी ज्या तऱ्हेने बोलतात ते पुणेरी करून टाकलंत तर मजाच जाईल.

---

प्रेषक: वाशी, नवी मुंबई

वरच्या पत्राशी सहमत, पण आधी सनावळी पक्की करा. स्मरणिकेत सर्वाधिक चुका तिथेच होतात, आणि छापलेली चूक पुढची पिढी खरी धरते.

घरात सेवापुस्तिकेची दुय्यम प्रत असेल तर निम्मं काम झालं. नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजा सगळं तारखेनिशी असतं. नसेल तर पेन्शनच्या कागदावर निवृत्तीची तारीख मिळते. पी.टी.सी. किंवा डी.एड.चं, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र माहेरच्या नावावर असू शकतं, म्हणून कागद शोधताना दोन्ही नावं हाताशी ठेवा. वाडा तालुका 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे, त्यामुळे जुन्या शाळेची चौकशी ठाण्यात करून उपयोग नाही. वाड्याच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागापासून सुरुवात करा आणि शाळेत गेलात तर शेरेबुक आहे का विचारा. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाबद्दल लिहिलेल्या दोन ओळी हाती लागल्या तर त्या आपल्या सगळ्यांच्या आठवणींहून मोलाच्या.

आठवणी तपासायला ठरलेल्या खुणा असतात. जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला आल्या, त्याआधीच्या नोकरीला "जिल्हा परिषद शाळा" म्हणू नका. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासूनची. त्यानंतरही आणे काही काळ चालत होते, तेव्हा केवळ आण्यांच्या हिशेबावरून वही आधीची ठरवू नका, पण वहीत नये पैसे आले की ती नंतरची नक्की. बालभारती 1967 मध्ये स्थापन झाली. कुणी 1961 च्या वर्गात बालभारतीचं पुस्तक होतं म्हणत असेल तर साल चुकलंय किंवा पुस्तक. अकरावीची मॅट्रिक दिलेले विद्यार्थी आणि 1975 पासूनचे दहावीवाले यांच्यातही सरमिसळ होते. सालाचा पुरावा नसेल तर सरळ "साठच्या दशकात" छापा. त्यात कमीपणा नाही.

---

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी

खूप आभार. अजून एक अडचण. आजीचा हरिपाठ रोजचा, एकादशी कधी चुकली नाही. ते घ्यायचंच आहे, पण पानभर देवांचे फोटो नकोत असं सर्वांचं मत पडलं. आणि फोटो कसे मागवू?

---

प्रेषक: नौपाडा, ठाणे

मत योग्य आहे. भक्ती दाखवायला देवाचा फोटो लागत नाही, तिची पोथी लागते. कोणती प्रत, कुठल्या अभंगाशी खूण घातलेली, समासात पेन्सिलने काय लिहिलंय, ते पान जसंच्या तसं छापा. हळदकुंकवाचे डाग संगणकावर पुसू देऊ नका. हरिपाठ कुठल्या वेळी, तोंडपाठ की पोथी समोर धरून, मध्ये फोन आला तर काय करायची, एवढं लिहिलंत तरी पुरे. नामजपाच्या वह्या असतील तर नीट चाळा. पानावर तारीख घालायची सवय अनेकांना असते, आणि मग त्या वह्यांतून आजारपणं, प्रवास, बाळंतपणाला मुलीकडे केलेले मुक्काम सगळं कळतं.

नैवेद्याची एक पाककृती घ्या, पण "वाटी" म्हणजे किती ते ठरवून. तिची वाटी पाण्याने भरून मोजपात्रात ओता आणि मिलिलिटर लिहा. उकडीच्या मोदकांना पिठी आणि पाणी समसमान म्हणतात, तरी पिठी नवी की जुनी यावर पाणी कमीजास्त लागतं. आजी कोणता तांदूळ आणायची तेही लिहा, नाहीतर तिकडे एडिसनमध्ये उकड चिकट होईल आणि नाव आजीचं खराब.

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आले की आकसतात, डॉक्युमेंट म्हणून मागवा. पाकिटाएवढे कृष्णधवल फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. काळ्या कागदाच्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही घ्या.

छपाईचं सांगतो. डेमी आकार, मध्ये पिना मारायच्या तर पानांची संख्या चारच्या पटीत. 32 पानं पुरेत. मजकूर साध्या मॅपलिथो कागदावर आणि फोटोंची पानं एकत्र, मधोमध, आर्ट पेपरवर. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. डीटीपीवाला युनिकोड मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत बदलून घेणार असेल तर "दुसऱ्या", "वाऱ्या", "ॲ" ही अक्षरं हमखास फुटतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर काढून दोघांनी वाचायचं, एकाने मोठ्याने. प्रत्येक नाव आणि तारीख मूळ कागदाशी ताडायची.

मुखपृष्ठावर तिथी आणि तारीख दोन्ही घाला. तिथी ठाण्याच्या पंचांगाची, गुरुजींना आधी विचारून, कारण श्राद्धाला अपराह्णाची तिथी धरतात आणि कॅलेंडरवर नजर टाकून ठरवली की एका दिवसाचा घोळ होतो. त्या दिवशीची सभा ऑनलाइन दाखवणार असाल तर ठाण्याची संध्याकाळी साडेसहाची वेळ धरा, तेव्हा तुमच्याकडे हिवाळ्यातले सकाळचे आठ. कॅलिफोर्नियाकरांना पहाटे पाच पडतील, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग ठेवा.

एक प्रत वाड्याच्या शाळेला स्पीड पोस्टाने पाठवा.