डेनोसुमॅब मध्येच थांबवण्याबाबत

आपल्या आईंचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा; जितका जास्त उणे, तितकी हाडे विरळ) दीड वर्षात उणे २.९ वरून उणे २.८ वरच आला, म्हणून डेनोसुमॅब हे हाडांच्या ठिसूळपणावरचे, दर सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन बंद करावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा ठरेल. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत मणक्याच्या घनतेतील तीन-चार टक्क्यांपर्यंतचा फरक मोजमापातील चुकीनेही दिसू शकतो, आणि दोन तपासण्या वेगवेगळ्या यंत्रांवर झाल्या असतील तर तुलनाच फसवी ठरते. माझ्या आईच्या बाबतीत नेमके हेच झाले आणि आम्ही उगाच महिनाभर काळजीत काढला. शिवाय घनता फारशी वाढली नाही तरी ती घटली नाही आणि नवा अस्थिभंग झाला नाही, हेही उपचाराचे यशच असते.

खरा धोका इंजेक्शन चुकवण्यात आहे. ६० मिलिग्रॅमच्या या औषधाचा परिणाम सहा महिन्यांनी ओसरू लागतो, हाडांची झीज उसळून वाढते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. थांबवायचेच झाले तर त्यानंतर झोलेड्रॉनिक आम्ल किंवा अलेन्ड्रोनेटसारखे हाडांची झीज रोखणारे दुसरे औषध द्यावे लागते, आणि ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. आम्ही कालनिर्णयावर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला लाल गोल करतो व त्याच्या पंधरवडाभर आधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) तपासून घेतो. कॅल्शियम कमी असताना हे इंजेक्शन देत नाहीत, आणि मूत्रपिंड अशक्त असल्यास इंजेक्शननंतर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.