टॅबलेटवर रेघ थरथरते, क्रितामध्ये स्मूद स्ट्रोक कसा आणायचा?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी, दोन महिन्यांपूर्वी ६ x ४ इंचाचा साधा, स्क्रीन नसलेला, पेनने चित्र काढायचा टॅबलेट घेतलाय. लॅपटॉप १५.६ इंची, विंडोज, आणि क्रिता हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतेय. कागदावर हात बरा आहे, शाळेत एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, पण इथे एक साधं वळण धड येईना. सध्या बाप्पाचं नुसतं रेषांचं चित्र करतेय, सोंडेची रेघ कपाळापासून मोदकापर्यंत एका दमात यायला हवी तर ती मधेमधे थरथरते. शिवाय पेन टेकवलं की कधीकधी एक बारीक गोल रिंग उमटते आणि रेघेचा पहिला तुकडा सरळसोट येतो, वळण नंतर सुरू होतं. आणि गोल काढला की तो आडवा लंबगोल होतो!! कॅनव्हास ए४, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवलाय, प्रिंट काढायचीय म्हणून. स्टॅबिलायझर म्हणून काहीतरी असतं असं ऐकलंय, ते कुठे असतं? की टॅबलेटच बदलावा लागेल? आत्ता तेवढं बजेट नाहीये.

शाई_दौत
टॅबलेट अजिबात बदलू नका. क्रितात ब्रश घेतल्यावर टूल ऑप्शन्सचा डॉकर (बाजूची चौकट) बघा, दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये डॉकर्सच्या यादीतून चालू करा. त्यात ब्रश स्मूदिंग आहे, नन, बेसिक, वेटेड आणि स्टॅबिलायझर असे पर्याय. मी अक्षरांचं काम करतो, वेलांट्या आणि उकार सगळे स्टॅबिलायझरवर काढतो. रेघ पेनाच्या मागून दोरीने ओढल्यासारखी येते त्यामुळे थरथर गिळली जाते. डिस्टन्स जितका जास्त तितकी रेघ मऊ, पण तितकीच मागे रेंगाळते, आणि कोपरे गोल व्हायला लागतात. टोकदार कोपरा हवा असेल तर तिथेच डिले चालू करा. फिनिश लाइनवर टिक ठेवली की पेन उचलल्यावर रेघ कर्सरपर्यंत पोचते, नाहीतर आधीच तुटते. सोंडेला हे पुरेसं आहे.

रेघ_न_रेघ
दादा, सेटिंग बरोबर आहे तुमचं पण मी आधी ते लावणार नाही. त्यांनी जे सांगितलंय त्यात तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि स्टॅबिलायझर लावला की ते झाकले जातात, सुटत नाहीत.

रिंगचं आधी. ती विंडोजची दाबून ठेवलं की राइट क्लिक होण्याची सोय आहे, त्यासाठी ते क्षणभर वाट बघतं आणि म्हणून सुरुवातीचा तुकडा सरळ येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टच, त्यात प्रेस अँड होल्ड, तिथली टिक काढून टाका. तरी अडकत असेल तर क्रिताच्या कॉन्फिगरमध्ये टॅबलेट सेटिंग्जला पेनचे सिग्नल घ्यायचे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, जो चालू असेल त्याच्या उलटा लावून क्रिता बंद करून परत उघडा.

लंबगोल का होतो तर तुमचा टॅबलेट ३:२ आणि स्क्रीन १६:९, म्हणजे आडवं जास्त ताणलं जातंय. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये (त्याच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) एरिया, म्हणजे वापरायची जागा, असतो, रुंदी ६ इंच राहू दे, उंची साधारण ३.४ इंच करा. खालची थोडी जागा वाया जाईल, जाऊ दे, कारण हात जो आकार काढतोय तोच डोळ्याला दिसणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे, मी स्वतः सहा महिने वाकड्या एरियावर प्रॅक्टिस केली आणि मग सगळं परत शिकावं लागलं.

कॅनव्हास ३०० डीपीआय करा. ए४ला ते २४८० x ३५०८ पिक्सेल होतात, ६०० ला त्याच्या चौपट, मोठा ब्रश घेतला की लॅपटॉप मागे पडतो.

आणि हे सगळं झाल्यावर एक टेस्ट. स्मूदिंग नन करा, टॅबलेटवर प्लास्टिकची पट्टी ठेवा (स्टीलची नको) आणि तिरकी रेघ अगदी हळू ओढा. पट्टी लावूनही लाट दिसली तर निब (पेनाचं टोक) झिजलंय का बघा, काही टॅबलेटवर हळू तिरक्या रेघेला थोडी लाट येतेच, तिथे स्टॅबिलायझर जरूर लावा. सरळ आली तर प्रश्न हाताचा आहे.

ठिपक्यांची_रांगोळी
हाताचं मी सांगते गं. तुझा टॅबलेट ६ इंच आणि स्क्रीनची रुंदी साडेतेरा इंचाच्या वर, म्हणजे हात एक इंच हलला की स्क्रीनवर सव्वादोन इंच. कागदावर जी थरथर दिसतसुद्धा नाही ती इथे दुपटीने दिसते. त्यात चित्र लांबून बघत काढलंस तर अजून वाढते, म्हणून सोंडेपुरतं झूम कर.

मुक्तहस्त रांगोळी काढताना मधे थांबलं की तिथे ढीग पडतो ना, तसंच आहे हे. मनगट टेकवून कासवाच्या चालीने रेघ ओढू नकोस, कोपर उचल, खांद्यातून हात फिरव आणि वेग ठेव. आधी पेन हवेत दोनतीनदा त्याच वळणावरून फिरव, मग टेकव, आणि नजर कर्सरवर नको, जिथे पोचायचंय तिथे, म्हणजे मोदकावर. वळण हाताला उलटं जात असेल तर ४ आणि ६ की ने कॅनव्हास फिरव, ५ ने परत सरळ होतो. रेघ चुकली तर डागडुजी करत बसू नकोस, कंट्रोल झेड आणि पुन्हा पूर्ण रेघ. मी कधीकधी एका रेघेला वीस वेळा परत जाते.

कोरी_पाटी
सगळ्यांना खूप खूप थँक्यू! रिंग गेली, गोल गोल यायला लागला, पट्टीची रेघ सरळ आली म्हणजे थरथर माझीच होती 🙂 ताई, खांद्यातून हात फिरवायला दोन दिवस फार अवघड गेलं, खांदा दुखला, पण काल रात्री सोंड नवव्यांदा एका दमात आली, तीसुद्धा नुसत्या बेसिकवर! आता एकच राहिलंय, सोंड वरती जाड आणि टोकाला बारीक हवीय तर टोक एकदम तुटल्यासारखं संपतं.

शाई_दौत
अरे वा, बेसिकवर आली म्हणजे उत्तमच. टोकासाठी ब्रश इंक ३ जीपेन घ्या. आणि टॅबलेट सेटिंग्जमध्ये प्रेशरचा, म्हणजे पेनाच्या दाबाचा, कर्व्ह आहे, त्याची डावीकडची बाजू किंचित खाली ओढा म्हणजे हलक्या दाबाला रेघ जास्त बारीक येईल. पेन टोकाशी थांबवून उचलू नका, हात पुढे जात असतानाच सुटू दे.

कोरी_पाटी
आत्ताच करून बघते, झालं की इथेच चित्र टाकते.