मदत हवी आहे : लॅपटॉपची बॅटरी स्वतः बदलावी का?

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप सहा वर्षांचा झाला. पडदा स्वच्छ आहे, कीबोर्ड नीट चालतो, वेगही माझ्या कामाला पुरतो. बॅटरीने मात्र मान टाकली आहे. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढला, तर मूळ क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास आणि आता पूर्ण चार्ज होऊनही जेमतेम १९,०००. चार्जर काढला की थोड्याच वेळात बंद पडतो.

दुरुस्ती करणाऱ्या एकांना दाखवला, तर ते म्हणाले, "इतक्या जुन्यावर खर्च कशाला करता, नवीनच घ्या." मला ते पटत नाही. एका भागासाठी अख्खं चालतं यंत्र टाकून देणं जिवावर येतं.

म्हणून स्वतःच बदलायचा विचार आहे. डेस्कटॉपची रॅम आणि पंखा मी बदललेला आहे, पण लॅपटॉप कधी उघडलेला नाही. व्हिडिओ बघितले की सोपं वाटतं, पण त्या कागदासारख्या पातळ रिबन केबल बघून हात आखडतो. शिवाय आतल्या ड्राइव्हवर घरच्यांचे जुने फोटो आहेत आणि त्यातले बरेच अजून दुसरीकडे उतरवलेले नाहीत. बॅटरी गेली तर दुसरी मिळेल, फोटो मिळणार नाहीत.

आणखी एक, कदाचित याच्याशी संबंध नसेल : हल्ली टचपॅडचं बटण एका कोपऱ्यात दाबलं जात नाही आणि झाकण पूर्वीसारखं सपाट बसत नाही. त्यासाठी टचपॅडही बदलावा लागेल का?

तुम्ही अशा वेळी कसं ठरवता? कुठपर्यंत स्वतः करायचं आणि कुठे थांबायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

संबंध आहे, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चार्जर आत्ताच काढा आणि लॅपटॉप बंद करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली असते. बटण अडकतंय आणि झाकण बसत नाही, म्हणजे बहुतेक बॅटरी फुगली आहे. बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट (आतलं रासायनिक द्रव्य) विघटित होऊन वायू तयार होतो आणि तिचं पिशवीसारखं आवरण फुगतं. टचपॅडला काही झालेलं नसेल, खालून दाब येतोय एवढंच. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, दाबायची नाही आणि "वायू जाऊ दे" म्हणून टोचायची तर मुळीच नाही. भोक पडलं तर आग लागू शकते.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधा आणि एकच गोष्ट बघा : बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने चिकटवली आहे? स्क्रू असतील तर रॅम बदलणाऱ्या माणसाला हे काम जमतं. गोंद असेल तर बॅटरी खरवडून, वाकवून काढावी लागते. चांगल्या बॅटरीवर ते एक वेळ चालेल, फुगलेलीवर स्वतः करू नका असं मी ठामपणे सांगेन. सरावलेल्या माणसाकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

फोटोंसाठी लॅपटॉप चालू करायची गरज नाही. ड्राइव्ह एम.२ प्रकारचा (पातळ पट्टीसारखा) असेल तर बहुधा एका स्क्रूवर असतो. तो काढून बाहेरच्या केसमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घाला आणि दुसऱ्या संगणकावर फोटो उतरवा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह हातात असून उघडणार नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. कुठे थांबायचं म्हणाल, तर मी आधी बघते की आतलं काय मला इजा करू शकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन मी कधीही उघडत नाही. त्याच्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. चार्जरच्या डब्याचंही तेच : २३० व्होल्ट आत आले की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत जातात. लॅपटॉपमध्ये तसा उच्च दाब नसतो, धोका असतो तो बॅटरीचा. फोनही उघडता येतो, पण पाणीरोधक सील एकदा निघालं की पहिल्यासारखं बसेल याची खात्री धरू नका.

हाताला एक सवय लावा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डापर्यंत पोचतो. रिबन केबल ओढण्याआधी तिची छोटी कडी उचलायची असते. बहुतेक केबल तिथेच फाटतात. आणि कव्हर निघाल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! फुगली असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. चार्जर काढला, लॅपटॉप बंद आहे. मॅन्युअल मिळाली : बॅटरी चार स्क्रूंवर आहे, गोंद नाही आणि ड्राइव्ह एम.२ आहे. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली, कागदावर उतरवून ठेवली. म्हणजे घरीच करतो, आधी फोटो आणि मग बॅटरी. एकच शंका : काढलेली जुनी बॅटरी जमा करेपर्यंत कशी ठेवू?

प्रतिसाद १

कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावा. कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता, घराबाहेर सावलीत ठेवा. कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात लवकरात लवकर द्या आणि फुगलेली आहे हे देताना सांगा. नवी घेताना लॅपटॉपचं मॉडेल नव्हे, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवा.