मदत हवी आहे : खो-खोत मुलीच्या गुडघ्याची वाटी सरकली, 'एमपीएफएल' म्हणजे नेमकं कोणतं लिगामेंट?

नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात आहे. तीन आठवड्यांपूर्वी सरावात खांबाला वळसा घेताना तिचा डावा पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग वळलं. वाटी बाहेरच्या बाजूला गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. पाय सरळ केला तशी ती जागेवर आली, पण तासाभरात गुडघा टम्म सुजला.

एमआरआयमध्ये 'एमपीएफएल (मीडियल पटेलोफेमोरल लिगामेंट, म्हणजे वाटीच्या आतल्या बाजूचं लिगामेंट) वाटीच्या बाजूने फाटलं आहे', असं आलंय. सांध्यात सुटा तुकडा नाही. 'लिगामेंट फाटलं' म्हटल्यावर घरात सगळे एसीएलच समजून बसलेत आणि आता हिचं खेळणं संपलं, असं तिच्यासमोरच बोलतात. ती रात्री रडते. डॉक्टरांनी ब्रेस आणि व्यायाम सांगितलेत, ऑपरेशन नको म्हणाले. त्यांच्यावर विश्वास आहे, पण हे लिगामेंट कुठे असतं आणि काय करतं हे मला नीट कळलं, तर तिला समजावता येईल. वाटी बाहेर सरकली, मग फाटलं ते आतल्या बाजूचं कसं?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी घरच्यांना सांगा की हे एसीएल नाही. एसीएल सांध्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये असतं. वाटीशी त्याचा संबंध नाही.

आता स्वतःचा गुडघा घ्या. पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा आणि वाटी बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. हलते ना? आता गुडघा वाकवा. वाटी घट्ट बसते, कारण मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खाचेत ती उतरते. पण साधारण २० ते ३० अंश वाकेपर्यंत खाचेची पकड नसते. तेवढ्या टप्प्यात वाटीला बाहेर जाण्यापासून अडवायचं मुख्य काम एमपीएफएल करतं. बाहेर जाण्याला होणाऱ्या एकूण विरोधापैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा या एकट्याचा असतो.

दावं खुंटीच्या बाजूलाच बांधतात आणि जनावर उलट दिशेला ओढतं, तसंच हे. खुंटी आत, ओढ बाहेर. मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला दोन लहान उंचवटे असतात, त्यांच्या मधल्या खळग्यातून हा पट्टा निघतो आणि पंख्यासारखा पसरत वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या भागाला चिकटतो. काही तंतू वर मांडीच्या स्नायूच्या कंडरेतही जातात. पट्टा पातळ असतो, त्यामुळे वाटी एकदा पूर्ण निसटली की बहुतेक वेळा तो फाटतोच.

आतल्या बाजूला आणखी दोन छोटे पट्टे आहेत, एक वाटीपासून नडगीला आणि एक गादीला, म्हणजे मेनिस्कसला जाणारा. त्यांचा उपयोग गुडघा जास्त वाकल्यावर होतो. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा स्नायू दिसतो ना, तो एमपीएफएलच्या वरच पसरलेला असतो आणि वाटीला आत खेचतो. म्हणून मांडी आवळण्याचा व्यायाम. तो कंटाळवाणा वाटतो, पण सोडू देऊ नका.

प्रतिसाद २

माझी वाटी तीनदा निखळली होती, शेवटी मांडीच्या मागची कंडरा घेऊन एमपीएफएल नवं बनवलं. अनुभवावरून सांगते, फक्त लिगामेंटवर थांबू नका. खाच उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर बसली आहे का आणि 'टीटी-टीजी' अंतर किती, हे विचारा. टीटी-टीजी म्हणजे मांडीच्या हाडाची खाच आणि वाटीची कंडरा नडगीला जिथे चिकटते तो उंचवटा, यांच्यातलं आडवं अंतर. ते २० मिलिमीटरच्या वर असेल तर वाटीला बाहेरची ओढ जास्त असते. या तीन गोष्टींवर पुन्हा निखळण्याचा धोका बराच ठरतो. तिचं वय वाढीचं आहे आणि एमपीएफएल मांडीच्या हाडाला जिथे चिकटतं, तिथून हाडाची वाढणारी चकती अगदी जवळ असते. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आलीच, तर मुलांच्या गुडघ्यांचा अनुभव असलेले सर्जन बघा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री तिला माझाच गुडघा हलवून दाखवला. मग तिने स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर बोट फिरवत 'इथून इथपर्यंत ना?' असं विचारलं आणि आजीलाही दाखवून आली. रिपोर्टमध्ये टीटी-टीजी १६ मिलिमीटर लिहिलंय, खाचेबद्दल मात्र एक ओळही नाही. शुक्रवारी तपासणी आहे, तेव्हा विचारते आणि इथे लिहिते.