मदत हवी आहे: लेकीसाठी कापडी बाहुली आणि त्या काळातल्या मुलींच्या गोष्टी, कमी खर्चात (ठाणे)

चरईची आई

नमस्कार मंडळी,

लेक चौथीत आहे. अमेरिकेतल्या नणंदेने तिच्या मुलीची जुनी पुस्तकं पाठवली, ‘अमेरिकन गर्ल’ बाहुल्यांबरोबर येतात ती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्लेझंट रोलंड नावाच्या बाईंनी १९८६ साली विस्कॉन्सिनमध्ये हे सुरू केलं. आधी त्या शिक्षिका होत्या, पाठ्यपुस्तकंही लिहायच्या. अठरा इंची बाहुली, आणि त्यांतली प्रत्येक ऐतिहासिक बाहुली म्हणजे एका ठरावीक सालातली नऊ-दहा वर्षांची मुलगी. कर्स्टन १८५४ ची, स्वीडनहून जहाजाने मिनेसोटात आलेली. अ‍ॅडी १८६४ ची, गुलामगिरीतून आईबरोबर निसटून फिलाडेल्फियाला पोचलेली. किट १९३४ ची, मंदीत वडिलांचा धंदा बुडाल्यावर घरात भाडेकरू ठेवून काटकसरीत जगणारी. मुली काल्पनिक, पण भोवतीचा काळ खरा.

रात्री मी इंग्रजी वाचते आणि मराठीत सांगत जाते. किट तिची सगळ्यात लाडकी.

आता तिला बाहुली हवी आहे. ती शंभर डॉलरच्या वर जाते, वर कपडे वेगळे, पलंग वेगळा. आमच्या घरात ते बसत नाही आणि तिलाही ते समजतं. पण मला वाटतं, तिला बाहुलीपेक्षा त्या गोष्टींनी जास्त धरून ठेवलंय. चौथीला इतिहासात शिवछत्रपती आहेत, तेही तिला मनापासून आवडतात. पण तिचे प्रश्न वेगळेच असतात. हिरकणीची गोष्ट ऐकल्यावर म्हणाली, “तिच्या बाळाचं नाव काय? बाळाला सांभाळायला घरी ताई नव्हती का?” लढाया, तह, सनावळ्या सगळं मिळतं, पण त्या ताईबद्दल लिहिलेलं मला कुठे सापडत नाही. किटच्या पुस्तकात ती ताईच मुख्य आहे, म्हणून लेकीला ते आपलं वाटतं.

म्हणून आम्ही ठरवलंय की आपली बाहुली आपणच करायची, ठाण्याची, साल १८५३. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. चौतीस किलोमीटर, चौदा डबे, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ती गाडी बघायला गेलेली नऊ वर्षांची मुलगी. नाव लेकीनेच ठेवलंय, ठकू.

मला मदत हवी आहे ती अशी. पंधरा ते अठरा इंची कापडी बाहुली घरी कशी शिवायची? मला साधी शिलाई येते, मशीन आहे. तेव्हा ठाण्यातली मुलगी काय घालत असेल, काय खात असेल, दिवसभर काय करत असेल? आणि मराठीत अशा वाचायच्या गोष्टी कुठे मिळतील? ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व आहे, तिथे जाऊन काय मागायचं हे कुणी सांगितलं तरी पुष्कळ झालं. सगळं मिळून पाचशे रुपयांत बसवायचं आहे.

शिवणटिपण

बाहुलीचं मी सांगते, भाचीसाठी केल्या आहेत.

अंगासाठी मांजरपाट घ्या. आधी धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यावर आटतो. पांढरा कपडा गव्हाळ करायचा असेल तर कडक कोऱ्या चहाच्या पाण्यात थोडं मीठ टाकून तासभर भिजवा आणि सावलीत वाळवा. सुकल्यावर रंग बराच उतरतो, म्हणून ओला असताना हवा त्याहून गडद दिसू द्या. आत जुन्या उशीतला कापूस पिंजून भरायचा. सगळ्यांची फसगत मानेत होते. थोड्या दिवसांनी डोकं मागे पडायला लागतं. मानेतून छातीपर्यंत आइसक्रीमची काडी कापसात गुंडाळून घाला आणि मानेत कापूस अगदी ठासून भरा. नाक-डोळे काढायला रंग वापरू नका, दोऱ्याने भरा. केसांना लोकर चालेल, पण घरात कुणाचं जुनं गंगावन असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खरी वेणी घालता येते, खोपा घालता येतो.

लुगड्याचा हिशोब असा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पाच फुटी बाईच्या मानाने पंधरा इंची बाहुली पावपट, म्हणजे दोन मीटर लांब आणि तीस सेंटीमीटर रुंद पट्टी. पण कापडाची जाडी काही पावपट होत नाही, त्यामुळे कमरेला बोचकं होतं. जुनी विरलेली मलमलची किंवा सुती साडी घ्या आणि लांबी दीड मीटरवर आणा. बारीक काठाची साडी शोधा, रुंद काठ बाहुलीवर सतरंजीसारखा दिसतो.

विकतचं काही हवंच असेल तर पूजेच्या दुकानात बाळकृष्णाचे दागिने बघा. गौरी-गणपतीच्या आधी जांभळी नाक्याच्या बाजारात फेरी मारा, मण्यांच्या छोट्या माळा मिळतात.

कोळीवाड्याची सून

चरईच्या ताई, ठकूचं घर कुठे आहे ते ठरवलंत का? चेंदणी कोळीवाडा स्टेशनला लागून आहे. रूळ आले ते आमच्या दारावरूनच आले म्हणायला हरकत नाही. ठकू कोळ्याची मुलगी असेल तर गोष्टच बदलते. गाडी बघायला तिला जावं लागणार नाही, गाडीच तिच्याकडे येते. तिचे वडील खाडीत होडी घालतात, आई पाटी घेऊन बाजारात बसते, आसपास मिठागरं आहेत. पुढच्याच वर्षी, १८५४ ला, रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. खाडीवर पूल बांधताना कोळ्याच्या मुलीला काय वाटलं असेल, होडी कुठून न्यायची, जाळं कुठे टाकायचं, याच्यावर एक अख्खं पुस्तक होईल. त्या पुलाचं जुनं छायाचित्र आहे, लेकीला नक्की दाखवा.

आणि मग परकर-पोलकं नको. आमच्याकडे लुगडं गुडघ्यापर्यंत, घट्ट कासोट्याचं. पाण्यात उतरायचं तर तेच सोयीचं. हातात छोटी टोपली द्या.

जुना वाचक

काळाबद्दल थोडं. १८५३ च्या घरात घासलेट नाही. उजेड समईचा किंवा पणतीचा, गोड्या तेलावरचा. दिवेलागणीनंतर फारसं काही करता येत नाही, म्हणून झोप लवकर आणि गोष्टी अंधारात. सकाळी चहा नाही. पोलक्याला टिचबटणं नाहीत, चोळीला गाठ. लेकीला असं एकेक काढून टाकायला सांगा. घरातली कुठली वस्तू ठकूच्या घरात नसेल, याचा खेळ फार चांगला होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. भांड्यांसाठी संक्रांतीची लहान सुगडं जपून ठेवा.

वाचनाचं म्हणाल तर तुमच्या शेजारच्या कल्याणपासून सुरुवात करा. आनंदीबाई जोशी तिथल्याच, जन्म १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. १८८३ ला बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ ला डॉक्टर झाल्या, त्याही फिलाडेल्फियातच, जिथे तुमच्या लेकीची अ‍ॅडी पोचते. नकाशावर दोघींचे रस्ते काढता येतील. ग्रंथालयात त्यांची चरित्रं मागा. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रातला बालपणाचा भाग मोठ्याने वाचून दाखवा, तेव्हाचं घर कसं चालायचं ते त्यात खुद्द त्या घरातल्या मुलीने सांगितलंय.

आणि मुक्ता साळवे विसरू नका. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे तुमच्या ठकूच्या काळातली, जवळपास तिच्याच पिढीतली. निबंध नऊ वर्षांच्या मुलीला जड जाईल, पण तुम्ही आधी वाचा आणि सोपं करून सांगा. गाळू मात्र नका.

फुकट वाचायला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत, १९७१ पासूनचे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्या डाउनलोड करून घेता येतात.

चरईची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले.

ठकू आता चेंदणीची झाली, हे लगेच ठरलं. मांजरपाट आणला आहे आणि सासूबाईंनी स्वतःहून त्यांचं गंगावन काढून दिलं. त्यांची एक विरलेली सुती साडीही आहे, बारीक काठाची. लेकीने वहीत ‘ठकूच्या घरात नाही’ अशी यादी सुरू केली आहे. पंखा, गॅस, दप्तर इथपर्यंत ठीक होतं, मग तिने ‘शाळा’ लिहिलं आणि विचारलं की पुण्यात मुक्ता शाळेत जात होती तर ठाण्यात ठकू का नाही. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची पहिली शाळा १८४८ ला काढली, हे तिला सांगितलं. आता तिला मुक्ताच्या वर्गातली एक मैत्रीण करायची आहे, दुसरी बाहुली म्हणून. खुद्द मुक्ताची बाहुली करण्यापेक्षा हे मलाही बरं वाटतं. खऱ्या माणसाच्या तोंडी आपण वाक्यं घालू नयेत, मैत्रिणीला मात्र काहीही बोलता येईल.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. @शिवणटिपण, पंधरा इंची बाहुलीला कासोटा घातला की दोन पायांमध्ये कापड फुगतं आणि ती उभी राहत नाही. पाय जरा लांब कापू, की आतून टाके घालून कासोटा कायमचा बसवू? लेकीला स्वतः नेसवायचं आहे, म्हणून टाके शक्यतो नकोत. आणि @कोळीवाड्याची सून, तुमच्याकडे कुणी आजी असतील ज्या त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगतील, तर एखाद्या रविवारी सकाळी लेकीला घेऊन येऊ का? प्रश्न ती वहीत लिहून आणेल, बोलायला थोडी लाजते.