मित्राच्या कच्च्या निबंधात ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं का?

कृष्णाकाठ
नववीच्या वर्गात शेजाऱ्याचा कच्चा निबंध तपासायला दिला की मुलं लाल पेन काढतात, वेलांट्यांना गोल करतात आणि खाली ‘छान आहे’ लिहून मोकळी होतात. माझं मत, पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हातच लावू नये. जो परिच्छेद उद्या उडणार, त्यातल्या वेलांट्या सुधारून उपयोग काय?
विषय समजा ‘सांगलीचा महापूर’. वाक्य आहे, ‘२०१९ साली पूर आला व खूप नुकसान झाले.’ इथं विचारा: नुकसान कुणाचं, पेठेतल्या मालाचं की नदीकाठच्या उसाचं? पाणी कुठवर चढलं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ला धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं. मग निबंधात का येत नाही?

विश्रामबागकर
नाही पटलं. आशयावर नववीचं पोर काय बोलणार? ‘अजून सविस्तर लिही’, बस. शुद्धलेखनाला निदान नियम आहेत. साहित्य महामंडळाचे १८. १९६२चे १४ आणि १९७२चे ४. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असे मोजके अपवाद. यात मतभेदाला जागाच नाही.

माहुली_घाट
साताऱ्याहून विचारतो, जागा नाही कशी? तुमचाच विषय घ्या. ‘पूर’ दीर्घ, पण ‘पुरात’ ऱ्हस्व. तपासणारा एकदा ‘पूर’ बघतो आणि पुढचं बरोबर असलेलं ‘पुरात’ खोडून ‘पूरात’ करून ठेवतो. लिहिणारा ते तसंच पक्क्या वहीत उतरवतो. म्हणून शंका आली तर शब्दाखाली पेन्सिलीनं बारीक रेघ, एवढंच. कोश लिहिणाऱ्यानं उघडायचा.

विश्रामबागकर
रेघ मान्य. पण मग प्रश्नांनाही लगाम हवा. समासात आठ-दहा प्रश्न दिसले की पोरगं वही मिटतं. दोन, फार तर तीन.

मिरज_जंक्शन
माझा आक्षेप त्या ४५ फुटांवरच आहे, कृष्णाकाठ. तुम्ही प्रश्नाच्या पोटात उत्तर भरून दिलंत! असं केलं की अख्ख्या वर्गाच्या निबंधात तेच ४५ फूट. ‘पाणी कुठवर?’ इतकंच विचारा. तो पुलाचा आकडा देईल, नाहीतर घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं ते सांगेल. दुसरं जास्त चांगलं, खरं तर.
आणि ओळींच्या वर काही लिहू नये. वर लिहिलेलं वाक्य मुलं जसंच्या तसं उचलतात.

कृष्णाकाठ
आकड्याचं मान्य, प्रश्न उघडाच ठेवायला हवा. एक भर: पेन हातात घेण्याआधी निबंध मोठ्यानं वाचून दाखवावा. वाचणारा जिथं अडखळतो तिथं बहुतेक एका वाक्यात तीन ‘आणि’ असतात, नाहीतर कर्ता हरवलेला असतो. हे लिहिणाऱ्याला स्वतःच ऐकू येतं, कुणी चूक दाखवावी लागत नाही.

विश्रामबागकर
साठ पोरं एकदम मोठ्यानं वाचणार? शेजारचा वर्ग बंद पडेल, राव.

माहुली_घाट
अर्धे व्हरांड्यात बसवा. दीड पानाच्या निबंधाला पाच-सहा मिनिटं पुरतात.