वस्तीतल्या दवाखान्यात चौक ठेवू की अजून एक खोली काढू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागातल्या एका वस्तीत छोटा दवाखाना बांधायचाय, नकाशा मी करतेय. जागा 30 बाय 45 फूट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, पुढे सहा फुटी बोळ, मागे अडीच फुटांची सांद आणि तिच्यात उघडी गटार. हवेला दोनच तोंडं, त्यातलं एक गटारीकडं.

इथं घरोघरी विड्या वळतात. माझी आजीही वळायची, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात पानं. दवाखान्यात रांग दिसली की परत यायची, हजार विड्या पुऱ्या व्हायच्या असायच्या ना. खोकला तंबाखूच्या धुळीचाच असणार असं सगळे धरून चालतात, म्हणून टीबी उशिरा कळतो. तसा पेशंट बंद खोलीत गरोदर बायका आणि तान्ह्या पोरांशेजारी तासभर बसला तर काय? माझ्या दृष्टीनं तपासणीच्या खोलीइतकीच बसायची जागा महत्त्वाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या सूचनांत नैसर्गिक वायुवीजनासाठी बाह्यरुग्ण विभागात दर पेशंटमागे सेकंदाला 60 लिटर हवा सांगितलीय, टीबीसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोल्यांसाठी सरासरी 160. भिंतींनी कोंडलेल्या जागेत नुसत्या पुढच्या खिडकीवर हे जमत नाही. म्हणून जुन्या वाड्यासारखा मधोमध 10 बाय 12 चा चौक काढलाय, पेशंट ओसरीवर बसतील. खोल्यांच्या खिडक्या चौकाकडं पण उंचावर, म्हणजे आतलं कुणाला दिसणार नाही.

मंडळातली जाणती माणसं म्हणतात, "ताई, एवढी जागा वाया का घालवता? अजून एक खोली निघते." त्यांचंही खरं आहे, जागेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेत. वरचा मजला चढवा म्हणतात, पण बाराला एक उताराचा रॅम्प म्हणजे दहा फूट चढायला 120 फूट लांबी, शिवाय मधले टप्पे. सगळी जागा त्यातच जाईल. म्हणून तपासणी, ड्रेसिंग, गरोदर बायकांची खोली खालीच, वर फक्त औषधांचा साठा आणि बैठकीची खोली.

अडलंय ते असं. थुंकीचा नमुना उघड्यावर, इतरांपासून लांब घ्यायला हवा. चौकात घेतला तर शेजारी माणसं बसलेली, गच्चीवर म्हटलं तर धापा टाकणारा म्हातारा चढेल कसा? गटार झाकून सांदीत सोय केली तर चालेल का? पलीकडच्या घराची खिडकी तिकडंच उघडते, ते मनाला पटत नाही.

आणि पाणी. इथं ते चार-पाच दिवसांआड येतं. जमिनीखालची टाकी गटारीपासून किती लांब घेता? दाट वस्तीत कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. मंडळाची बैठक रविवारी आहे, स्केच हवं असेल तर टाकते.